शरणपूर: आसऱ्यापासून बरोबरीपर्यंत

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘शरणपूर रोड’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. महापालिकेचं राजीव गांधी भवन याच रस्त्यावर आहे. काही काम निघालं की सगळं शहर इथे येतं. नाव रोजच्या तोंडातलं, म्हणून त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. शरण आलेल्यांचं पूर ते शरणपूर. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या अँग्लिकन संस्थेनं १८५४ च्या सुमारास, तेव्हाच्या नाशिकच्या वेशीबाहेर वसवलेल्या वस्तीचं हे नाव. ज्यांना दुसरीकडे कुठे थारा उरला नव्हता, त्यांच्यासाठी वसवलेली वस्ती.

धर्म आणि विज्ञान, धर्म आणि संस्कृती, धर्म आणि माणसाची प्रतिष्ठा या विषयांवर व्याख्यानं पुष्कळ होतात. मला मात्र ख्रिस्ती श्रद्धेचा या सगळ्याशी झालेला संवाद शरणपूरच्या इतिहासात जितका स्पष्ट दिसला, तितका व्याख्यानांत दिसला नाही. तो इथे माणसांच्या आयुष्यांतून झाला, आणि फिरून फिरून एकाच प्रश्नापाशी आला: ज्याला आसरा दिला, त्याला आपण बरोबरीचा मानतो का? आसरा देणं सोपं असतं असं मला म्हणायचं नाही. पण बरोबरी त्याहून कितीतरी अवघड असते, आणि या वस्तीला ती तिच्या आसऱ्याला आलेल्या माणसांनीच शिकवली.

सुरुवात १८३२ ची. रेव्हरंड चार्ल्स पिन्हॉर्न फॅरार आणि त्यांचे सहकारी मुंबईहून नाशिकला आले. पेशवाई संपून जेमतेम चौदा वर्षं झाली होती. गोदाकाठचं हे शहर तीर्थक्षेत्र, वेदपाठशाळांचं, क्षेत्रोपाध्यायांचं. अशा गावात मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, वादविवाद केले, रस्त्यावर उभं राहून शुभवर्तमान सांगितलं. धर्मांतरं थोडीच झाली. पण जो कुणी बाप्तिस्मा घेई त्याचं काय होई, हे समजल्याशिवाय शरणपूर का लागलं ते समजत नाही. घर बंद होई, पाणवठा बंद होई, जातीचा धंदा हातचा जाई. विहिरीवर घागर भरू न देणाऱ्या गावात माणूस राहणार कसा आणि खाणार काय? रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी याला दिलेलं उत्तर म्हणजे गावाबाहेर नवं गाव. घरं, चर्च, शाळा, अनाथालय आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवणारी उद्योगशाळा. जातीनं काढून घेतलेला धंदा हातातल्या कसबानं परत मिळवायचा, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

या उद्योगशाळेकडे मी पुनःपुन्हा वळतो. ज्या समाजात हातानं काम करणारा खालचा ठरतो, तिथे अक्षर आणि अवजार एकाच मुलाच्या हातात देणं ही मोठी गोष्ट होती. सकाळी पवित्र शास्त्राचा पाठ घेणाऱ्या मुलानंच दुपारी रंधा मारायचा. त्या काळच्या नाशिकात हे दृश्य नवं होतं.

पण शरणपूरचं नाव जगात गेलं ते वेगळ्याच मुलांमुळे.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं पकडून अरबी गलबतांतून विकायला नेली जात. ब्रिटिश आरमार अशी गलबतं अडवी, तेव्हा त्यांत मुलं सापडत. कुणाचे आईबाप मारले गेलेले, कुणाला आपलं गाव कुठे हे सांगता येत नसे. त्यांतली पुष्कळ मुलं मुंबईला आणली गेली. त्यांच्यासाठी काढलेला आश्रम १८६० च्या सुमारास शरणपुरात आला. या कामाशी जोडलेले एक पाद्री होते कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग. जर्मन माणूस, आधी इथिओपियात राहिलेला, अम्हारिक भाषेचा शब्दकोश आणि व्याकरण लिहिणारा. असा भाषापंडित आणि गलबतातून उतरलेलं पोरकं मूल यांची गाठ नाशिकच्या मिशनमुळे पडावी, यातच या वस्तीचं वेगळेपण आलं.

या मुलांची नावं वाचताना मात्र मी थबकतो. सायमन प्राइस. रिचर्ड इझेनबर्ग. कॅरस फॅरार. मुलं आफ्रिकेची आणि आडनावं मिशनऱ्यांची. आईनं ठेवलेलं नाव पुसून त्यावर आश्रयदात्याचं नाव लिहिलं गेलं. त्यामागे माया नव्हती असं मी म्हणणार नाही. आपलं आडनाव देणं ही माणसाला आपल्या घरात घेण्याचीच रीत. पण त्या मुलांच्या मूळ नावांपैकी बहुतेक आज आपल्याला सांगता येत नाहीत, हे नुकसानही तितकंच खरं. आसरा आणि बरोबरी यांच्यातलं अंतर इथेच पहिल्यांदा दिसतं.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईला आले. डॉक्टर, मिशनरी आणि भूगोलाचे संशोधक. त्यांच्यात श्रद्धा आणि शास्त्र असे दोन कप्पे नव्हते. नाईल नदीचा उगम शोधायचा आणि गुलामांचा व्यापार जगापुढे उघडा करायचा, दोन्ही त्यांना एकच काम वाटे. आफ्रिकेच्या या शेवटच्या प्रवासासाठी त्यांनी शरणपूरची नऊ मुलं बरोबर घेतली आणि जानेवारी १८६६ मध्ये मुंबई सोडली. ही मुलं पुढे सगळीकडे ‘नासिक बॉइज’ म्हणूनच ओळखली गेली. त्यांचा पहिला अनुभव गोड नाही. रिचर्ड इझेनबर्ग पहिल्याच वर्षी वाटेत वारला. काही जण सोडून गेले. लिव्हिंगस्टननी आपल्या रोजनिशीत त्यांच्या आळसाबद्दल फार कडू लिहिलं आहे. पण सगळे सोडून गेले तेव्हा त्यांच्याजवळ टिकून राहिलेल्या तिघांत सुसी आणि चुमा या त्यांच्या आफ्रिकी सोबत्यांबरोबर एडवर्ड गार्डनर हा नाशिकचाच मुलगा होता.

१८७२ मध्ये दुसरी तुकडी निघाली. तिच्यात जेकब वेनराइट होता, कॅरस फॅरार होता, मॅथ्यू वेलिंग्टन होता. लिव्हिंगस्टनना शोधून काढणाऱ्या स्टॅनली या पत्रकारानं पाठवलेल्या माणसांबरोबर हे तरुण त्यांच्यापर्यंत पोचले. पुढच्याच वर्षी, मे १८७३ च्या सुरुवातीला, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारले. त्यानंतर जे झालं ते जरा सावकाश सांगतो.

आधी सामानाची मोजदाद झाली. ती जेकबनं केली, कारण त्याला लिहिता येत होतं. पेट्या उघडल्या. एकीत किरकोळ नाणी. दुसरीत टोपी, एक घड्याळ, एक होकायंत्र आणि मोजमापाची उपकरणं. त्यांतल्या पुष्कळांची नावं त्याला ठाऊक नव्हती. म्हणून त्यानं नुसतं ‘मोजण्याचं साधन’ अशा अर्थाचं लिहून प्रत्येक प्रकारापुढे संख्या मांडली. माहीत नाही त्याला खोटं नाव दिलं नाही, आणि एक नगही सुटू दिला नाही. शास्त्राची पहिली शिस्त याहून वेगळी काय असते?

मग देहाचा प्रश्न आला. तो तिथेच पुरून परत जावं, हे सगळ्यांत सोपं होतं. या लोकांनी दुसरं ठरवलं: हा माणूस त्याच्या देशात पोचवायचा. काळीज आणि आतडी काढून एका मोठ्या झाडाखाली पुरली. जेकबनं प्रार्थनापुस्तक उघडून दफनविधी वाचला आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली. देहाला मीठ लावून तो चौदा दिवस उन्हात वाळवला, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात ठेवला, वरून शिडाचं कापड शिवलं. मग पाच-सहा डझन माणसं किनाऱ्याकडे निघाली. हजार मैलांहून जास्त वाट, पायी. वाटेत आजार, मृत्यू आणि प्रेत पाहून बिथरणारी गावं. एका ठिकाणी मुडदा पुढे नेऊ देईनात, तेव्हा त्यांनी खोटं गाठोडं बांधून ते परत पाठवल्याचं दाखवलं आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे नेला. त्याआधी वाटेतल्या उन्यान्येंबेला इंग्रज अधिकारी कॅमेरॉन भेटला होता. देह इथेच पुरा, असा सल्ला त्यानं दिला. त्यांनी ऐकलं नाही. कॅमेरॉननं लिव्हिंगस्टनची बरीच उपकरणं आपल्या मोहिमेसाठी ठेवून घेतली. म्हणजे उपकरणं साहेबाकडे राहिली आणि माणूस या लोकांच्या खांद्यावर राहिला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्याला लागले.

हा देह लिव्हिंगस्टनचाच, हे कशावरून? लंडनला सर विल्यम फर्ग्युसन यांनी तपासणी केली. सिंहानं चावलेला डावा दंड आणि तिथे नीट न जुळलेलं हाड त्यांनी ओळखलं. नाशिकहून गेलेल्या मुलांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या शब्दावर शरीरशास्त्रानं मोहोर उठवली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं. शवपेटीच्या कडेनं चालणाऱ्या मानकऱ्यांत स्टॅनली होता आणि जेकब वेनराइट होता. त्या मानकऱ्यांतला तो एकटाच आफ्रिकी. गुलामांच्या गलबतातून सुटलेला आणि शरणपुरात अक्षर गिरवलेला.

आता त्याच ॲबीतली दुसरी कबर. त्याच दालनात, थोड्याच अंतरावर चार्ल्स डार्विनची कबर आहे. २६ एप्रिल १८८२ रोजी त्यांचं दफन झालं. ज्याच्या सिद्धांतानं ख्रिस्ती जग हादरलं, त्याला इंग्लंडच्या सर्वांत मानाच्या चर्चमध्ये जागा मिळावी म्हणून खटपट करणाऱ्यांत, शवपेटीच्या मानकऱ्यांत आणि नंतर त्याच ॲबीत डार्विनवर प्रवचन करणाऱ्यांत एक नाव आहे कॅनन फ्रेडरिक विल्यम फॅरार. १८३१ मध्ये मुंबईत जन्मलेला हा माणूस म्हणजे नाशिकचं मिशन सुरू करणाऱ्या चार्ल्स फॅरार यांचा मुलगा. भाषाशास्त्रातल्या कामासाठी १८६६ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, आणि त्यासाठी त्याचं नाव खुद्द डार्विननं सुचवलं होतं. श्रद्धेनं विज्ञानाला घाबरू नये, सत्य कुठूनही आलं तरी ते देवाचंच, असं मानणारा हा धर्मगुरू. नाशिकच्या पाद्र्याच्या मुलानं डार्विनला खांदा द्यावा, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा अभिमान वाटला.

तो अभिमान फार टिकला नाही, आणि ते इथे सांगितलंच पाहिजे. याच फॅरारनं १८६७ मध्ये मानववंशांच्या क्षमतांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात जगातल्या माणसांच्या पायऱ्या लावल्या होत्या. वर आर्य आणि सेमिटिक, सगळ्यांत खाली आफ्रिकेचे काळे लोक, ज्यांना सुधारणं शक्यच नाही असे. शास्त्राच्या नावानं, विद्वानांच्या सभेपुढे, एका धर्मगुरूनं हे मांडलं. त्याच सुमाराला त्याच्या वडिलांनी सुरू केलेल्या मिशनच्या वस्तीत आफ्रिकेची मुलं इंग्रजी वाचत होती, लाकूड तासत होती, गणितं सोडवत होती. त्यांच्यातल्या एकाचं आडनावही फॅरारच होतं. सगळी माणसं एकाच मुळाची, हे म्हणणं १८७१ मध्ये डार्विननं आपल्या मानवाच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथात मांडलं; बायबलच्या पहिल्या पानांतही ते आहेच. डार्विनचा ग्रंथ यायचा होता, पण बायबल हाताशी असूनही फॅरारचं मोजमाप चुकलं. विज्ञानाशी मोकळेपणानं बोलणारी श्रद्धासुद्धा समोरच्या माणसाला नीट पाहत नसेल तर आंधळी होते, आणि विज्ञानाचंही तसंच. फॅरारच्या निबंधाला उत्तर एखाद्या दुसऱ्या निबंधानं दिलं असेल-नसेल. माझ्या लेखी ते उत्तर जेकबच्या रोजनिशीत आहे. ती त्यानं लिव्हिंगस्टनचा देह नेण्याच्या प्रवासात स्वतःच्या हातानं लिहिली. तिचं जर्मन भाषांतर १८७४ मध्येच भूगोलाच्या एका नामांकित नियतकालिकात आलं.

जेकब काही एकटा नव्हता. १८६४ मध्येच विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे शरणपूरचे तरुण मोंबासाजवळच्या राबईला गेले होते. तिथे योहानेस रेबमन हा म्हातारा होत चाललेला मिशनरी एकटा पडला होता. या रेबमनची गोष्ट थोडक्यात सांगतो. १८४८ मध्ये त्यानं विषुववृत्ताजवळ बर्फाचा डोंगर पाहिला, किलिमांजारो. मिशनच्या मासिकात ते छापून आलं तेव्हा लंडनच्या काही भूगोलपंडितांनी त्याला वेड्यात काढलं. विषुववृत्तावर बर्फ? पुढे दुसऱ्या प्रवाशांनी पाहिलं आणि पाद्र्याचं म्हणणं खरं निघालं. धर्म म्हणजे आंधळेपणा आणि विज्ञान म्हणजे डोळस, अशी सरधोपट वाटणी करणाऱ्यांनी हा डोंगर ध्यानात ठेवावा.

१८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या खटपटीतून झांझिबारच्या सुलतानाशी तह होऊन तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. सुटलेल्यांसाठी किनाऱ्यावर वस्ती हवी होती. १८७५ मध्ये मोंबासासमोर ‘फ्रियर टाउन’ वसलं, आणि ते वसवायला गेले विल्यम सॉल्टर प्राइस, म्हणजे शरणपूर वसवणारेच प्राइस. शरणपुरातली आफ्रिकी माणसंही तिकडे गेली. मुंबई आणि नाशिकहून गेलेल्यांची संख्या दीडशेच्या आसपास होती. केनियात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणतात. एका अर्थानं फ्रियर टाउन हे शरणपूरचंच कलम: तेच चर्च, तीच शाळा, तेच सुतारशाळेचं वेळापत्रक.

पण कलम लावणाऱ्यांना वाटलं तसं ते वाढलं नाही. शरणपुरात शिकलेल्यांना आता वागणूक बरोबरीची हवी होती. पगार, मान, निर्णयात वाटा. गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडाले. आम्ही तुम्हाला माणूस केलं, असं ऐकवणाऱ्यांना त्यांचं म्हणणं होतं की आम्ही माणूस होतोच. ही कृतघ्नता नव्हती. जे शिकवलं ते मुलांनी खरोखर शिकल्याची ती खूण होती.

विल्यम जोन्स राबईत प्रमुख होता. आजूबाजूच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रात्रीअपरात्री राबईत येत. त्यांना थारा देऊ नये, मालक चिडतील, मिशनचं काम धोक्यात येईल, असा वरून दबाव होता. तरी माणसं येत राहिली आणि राबईत राहत राहिली. एक-दोन नव्हे, शेकडो. शेवटी १ जानेवारी १८८९ रोजी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेन्झी यांनी मालकांना भरपाई देऊन सुमारे चौदाशे जणांना मुक्तिपत्रं दिली. नाशिकच्या वेशीबाहेर ज्याला स्वतःला आसरा मिळाला होता, त्यानं राबईत आसऱ्याचं दार बंद होऊ दिलं नाही. शरणपूरच्या सगळ्या वाटचालीत मला याहून मोठा प्रसंग दिसत नाही.

इकडे शरणपूर आता मराठी ख्रिस्ती लोकांचंच राहिलं. त्याआधीची एक नोंद राहून गेली. लिव्हिंगस्टन नाशिकची मुलं घेऊन निघाले त्याच वर्षी, १५ नोव्हेंबर १८६६ रोजी, नाशिकमध्ये कॉर्नेलिया सोराबजी जन्मली. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेदजी पारशी घरातून ख्रिस्ती झालेले, याच मिशनच्या कामात असलेले. मुंबई विद्यापीठाची पहिली पदवीधर स्त्री ती. परीक्षेत पहिली आली, पण विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली गेली. तरी ती ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकली, १८९२ मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाली. पदवी हातात पडायला तीस वर्षं लागली, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. पडद्यातल्या विधवांच्या आणि अल्पवयीन वारसांच्या मालमत्तेसाठी तिनं आयुष्य घातलं. तिची राजकीय मतं पुष्कळांना पटत नाहीत, मलाही नाहीत. काम मात्र डोंगराएवढं.

संस्कृतीचा प्रश्न शरणपुरापुढे वेगळ्या तऱ्हेनं आला. गावाबाहेरचं गाव सुरक्षित असतं, पण ते गावापासून तुटतं. मिशनच्या आवारात वाढलेला ख्रिस्ती माणूस बोलायला मराठी, पण गाणी विलायती चालींची, नाव इंग्रजी, गावच्या सणाउत्सवांना पारखा. हे तुटलेपण सर्वांत जास्त ज्याला खुपलं तो कवीही या परिसराशी जोडलेला. नारायण वामन टिळक नाशिकला शिकले, आणि त्यांचं लग्न झालं ते नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांना ख्रिस्त हवा होता आणि मराठीपणही सोडायचं नव्हतं. त्यांनी ख्रिस्ताची भजनं अभंगांत लिहिली, कीर्तनं केली, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी भागाचं संपादन केलं. शेवटी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनचा राजीनामा देऊन साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मिशनच्या कुंपणाला पाडलेलं ते दार होतं. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार चालला नाही, पण दार कुठे पाडायचं ते कळलं.

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. जलालपूरच्या त्या घरात वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. अशा घरातली मुलगी, नवरा ख्रिस्ती झाल्यावर साडेचार-पाच वर्षं त्याच्यापासून दूर राहिली, रडली, भांडली. मग एकत्र राहायला आली ती आपलं सोवळं बरोबर घेऊन. जात तिच्या हातून एका दिवसात सुटली नाही. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, कोणाच्या नाही, या एकेका घोटातून ती सुटली. १९०० मध्ये राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नगरच्या प्लेगच्या छावणीत काम केलं. अनाथ मुलं घरात घेतली, त्यांची जात न विचारता. टिळकांच्या मागे त्या नाशिकला मुलाजवळ, देवदत्त टिळकांजवळ राहिल्या. अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी पुढे नेलं. त्यातले चौसष्ट अध्याय त्यांचे. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपानं येऊ लागलं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकमध्येच त्या गेल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं लिहिलेलं हे पुस्तक आज मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांत मोजलं जातं, आणि ते वाचणाऱ्या बहुतेकांच्या मनात ते ‘ख्रिस्ती साहित्य’ म्हणून नसतंच. ते नुसतं मराठी साहित्य आहे. टिळकांना जे हवं होतं ते बाईंनी करून दाखवलं.

त्याच काळात नाशिकमध्ये माणुसकीची सगळ्यांत मोठी कसोटी चालू होती. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आदल्याच वर्षी, १९२९ मध्ये, अँग्लिकन चर्चचा स्वतंत्र नाशिक धर्मप्रांत झाला होता, फिलिप लॉइड पहिले बिशप. चर्च आपली रचना बांधत होतं आणि हाकेच्या अंतरावर माणसं देवळाचं दार ठोठावत होती. धर्मांतरितांच्या स्थितीबद्दल लिहिताना बाबासाहेबांनी भारतीय ख्रिस्ती समाजावर स्पष्ट ठपका ठेवला आहे: जातीचे भेद चर्चमध्येही आले, आणि अन्यायाविरुद्ध लढायला हा समाज समाज म्हणून पुढे आला नाही. यावर आम्ही ख्रिस्ती मराठी माणसांनी सबबी सांगू नयेत. आजही लग्नाची बोलणी सुरू झाली की ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हळूच येतो. कबरस्तानापर्यंत जाणाऱ्या या सवयीला शरणपुरात तरी जागा नसावी.

पुढचा प्रवास थोडक्यात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारतीय मंडळीची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन नाशिक धर्मप्रांत त्यात आला. १९८७ मध्ये रोमन कॅथॉलिकांचा नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला. येशूसंघी थॉमस भालेराव पहिले बिशप झाले, एक मराठी माणूस. मिशनऱ्यांचा काळ संपून मंडळ्या आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. आता रविवारी सकाळी पाळकसाहेब मराठीत उपदेश करतात, ‘उपासना संगीत’ उघडलं जातं, टिळकांची पदं पेटी-तबल्यावर म्हटली जातात. बाहेर शरणपूर रोडवर गाड्यांचा आवाज चालू असतो, आणि शेजारच्या इमारतीतल्या लोकांना त्या भजनाची चाल ओळखीची वाटते.

ही वाटचाल लिहून ठेवायला आता उशीर होतो आहे. जुन्या नाशिककर ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याचे दाखले, उद्योगशाळेची प्रमाणपत्रं, कबरींचे फोटो, आजीनं जपलेली पत्रं अजून असतील. ट्रंकेत असलेलं हे सामान कसरीच्या स्वाधीन करू नका. त्याची प्रत काढून आपल्या मंडळीत द्या, एखाद्या ग्रंथालयात द्या. आणि महापालिकेनं आपल्याच कचेरीबाहेरच्या रस्त्यावर एक छोटा मराठी फलक लावावा: शरणपूर नाव कशावरून पडलं, आणि इथून कोण कुठे गेलं.

वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या लिव्हिंगस्टनच्या शिळेवर त्यांचा देह विश्वासू हातांनी आणल्याचं लिहिलं आहे. ते हात कोणाचे, हे लिहिलेलं नाही. चितांबोच्या गावातलं ते झाड पुढे तोडलं गेलं. खोडाचा कोरलेला भाग लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत जपून ठेवला आहे. त्यावर लिव्हिंगस्टनचं नाव आहे, तारीख आहे आणि तिघा सोबत्यांची नावं आहेत. ती अक्षरं कोरली जेकब वेनराइटनं. त्याचं स्वतःचं नाव त्यात नाही.